मदत हवी आहे : लंडनच्या जॉर्ज इनची जुनी चित्रं

नमस्कार मंडळी,

लंडन ब्रिज स्टेशनजवळ, बरो हाय स्ट्रीटवरच्या एका बोळातून आत गेलं की 'जॉर्ज इन' हा पब लागतो. मूळची ही घोडागाड्यांच्या प्रवाशांची सराय. १६७६ साली सदर्कमध्ये, म्हणजे लंडनच्या याच भागात, मोठी आग लागली, त्यात ती जळाली आणि पुढच्याच वर्षी नव्याने बांधली गेली. आज उभी आहे ती हीच इमारत.

मला वेड लावलं ते तिच्या लाकडी सज्जांनी. एकावर एक दोन मजले, अंगणाच्या बाजूला कठडे, आणि वरच्या खोल्यांत शिरायची वाट या सज्जांतूनच! आपल्या वाड्यातला चौक आठवतो अगदी. लंडनमध्ये अशी सज्जांची सराय आता ही एकच उरली आहे. तीही अर्धवट, कारण १८८९ मध्ये रेल्वे कंपनीने मधली आणि उत्तरेची बाजू पाडली. फार वाईट वाटतं. उरलेली दक्षिण बाजू १९३७ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

मुलांच्या मराठी शाळेसाठी पुठ्ठ्याची प्रतिकृती करतेय, पूर्ण अंगणासकट. त्यासाठी पाडलेल्या बाजूंची जुनी चित्रं, फोटो किंवा नकाशे कुठे बघायला मिळतील? इथे कुणी वास्तुविशारद असाल तर आणखी एक सांगा : असे सज्जे खालच्या खांबांवर तोलतात की आतल्या तुळया बाहेर काढून? गेल्या खेपेला गर्दीत नीट बघता आलं नाही.