नववीत शाळा बदलावी लागणे हा पालकांचा दोष आहे का?

दोन_मुलांचा_बाप
आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब व वंचित मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागांतून मोफत प्रवेश घेतलेले पालक आठवी संपताच फी झेपत नसल्याचे सांगतात आणि मुलाला ऐन नववीत दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत घालतात, हे मी आमच्या परिसरातल्या तीन घरांत पाहिले. मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. पुढची फी भरता येणार नसेल तर ती जागा घेऊच नये. नववीत शाळा बदलणे म्हणजे मुलाच्या दहावीशी खेळणे आहे.

आई_निगडी
आपले हे मत वाचल्यापासून मी दोन दिवस अस्वस्थ आहे, म्हणून सविस्तर लिहिते. २०१७ साली माझ्या मुलाचे नाव सोडतीत लागले, तेव्हा आमचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत होते आणि तसा दाखला जोडल्याशिवाय दुर्बल घटकातून प्रवेश मिळतच नव्हता. एक लाखाच्या आत कमावणाऱ्या माणसाने आठ वर्षांनंतरच्या फीची तजवीज पहिलीच्या वेळीच करून ठेवावी, अशी आपली अपेक्षा असेल तर त्या पंचवीस टक्क्यांत बसायचे कोणी?

गेल्या वर्षी मार्चमध्ये शाळेने नववीची फी ६२ हजार रुपये सांगितली. मी शिवणकाम करते आणि मुलाचे वडील कंत्राटी कामगार आहेत. आम्ही त्याला घरापासून दीड किलोमीटरवरच्या अनुदानित शाळेत सेमी इंग्रजीच्या तुकडीत घातले. गणित आणि विज्ञान इंग्रजीतूनच राहिल्यामुळे तिथे तो अडला नाही. अडला तो मराठीत, कारण आधीच्या इंग्रजी शाळेत तो सुलभभारती हे सोपे मराठी पुस्तक शिकत होता आणि इथे एकदम मराठी माध्यमाचे कुमारभारती हातात आले. घरात मराठीशिवाय दुसरा शब्द नसलेल्या मुलाला पहिल्या चाचणीत सर्वांत कमी गुण मराठीतच पडले, हे मी लपवत नाही.

मात्र खरा मनस्ताप शाळा सोडल्याच्या दाखल्याने दिला. आठवीच्या वर्षाचे ‘उपक्रम शुल्क’ म्हणून १८,५०० रुपये भरल्याशिवाय दाखला मिळणार नाही, असे जुन्या शाळेने सांगितले आणि दाखल्याशिवाय नाव पटावर घेता येत नाही, असे नव्या शाळेने सांगितले. अर्धा जुलै उलटेपर्यंत मुलगा वर्गात बसत होता, पण हजेरीत त्याचे नाव पुकारले जात नव्हते. “आई, माझे नाव कधी घेणार?” असे तो रोज विचारायचा. माझ्या मुलाच्या दहावीशी कोण खेळले, ते आता आपणच सांगावे.

निवृत्त_मुख्याध्यापक
ताई, आपल्या बाबतीत झाले ते अन्यायाचे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यायचा असतो, दाखल्याला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही आणि उशीर करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. मी स्वतः एकोणीस वर्षे मुख्याध्यापक होतो आणि एकही दाखला एका दिवसापेक्षा जास्त ठेवून घेतला नाही.

तरीही एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. शाळा बदलायची होती तर ती सातवीनंतर बदलायला हवी होती. एनएमएमएस या गरीब घरांतल्या हुशार मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला आठवीतली मुले बसतात, पण ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतली असावी लागतात. शिष्यवृत्ती मिळाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. शिवाय मराठी माध्यमाच्या मराठीची सवय व्हायला एक वर्ष जास्त मिळाले असते. मोफत मिळते म्हणून आठवीचे वर्ष तिथेच काढण्याचा मोह पालकांना महागात पडतो.

आई_निगडी
सर, ही माहिती सातवीच्या मार्चमध्ये मला कोणी दिली असती तर मी आठवीचे ते मोफत वर्ष आनंदाने सोडले असते. जुन्या शाळेला या परीक्षेशी घेणेदेणे नव्हते आणि नव्या शाळेला आम्ही माहीत नव्हतो. आपण याला मोह म्हणता, त्याचे मला वाईट वाटले.

संस्थाचालक
इथे सर्वांनी शाळांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमची शाळा लहान आहे आणि विनाअनुदानित आहे. पंचवीस टक्क्यांतल्या मुलांसाठी शासन प्रतिविद्यार्थी वर्षाला १७,६७० रुपये धरते आणि तेही वर्षानुवर्षे थकवते. आमच्या शिक्षकांचा पगार मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो. पूर्ण फी ठरलेले पालकसुद्धा वर्षभर टोलवाटोलवी करतात आणि एप्रिलमध्ये दाखला मागायला येतात. त्या दिवशी दाखला देऊन टाकला तर पुढे ते फोनही उचलत नाहीत. राहता राहिला कायदा, तर कलम ५ हे प्रारंभिक शिक्षणापुरते, म्हणजे आठवीपर्यंतचे आहे. नववीच्या प्रवेशासाठी त्याचा आधार घेणे चुकीचे आहे आणि इतकी वर्षे मुख्याध्यापक राहिलेल्या माणसाला हे माहीत असायला हवे होते.

निवृत्त_मुख्याध्यापक
कलमाच्या व्याप्तीविषयीचे आपले म्हणणे बरोबर आहे, आणि ते मला आवडत नसले तरी मान्य करतो. पण दहावीपर्यंतच्या मुलांना दाखला नसला तरी शासकीय आणि अनुदानित शाळांनी प्रवेश द्यावा, असा निर्णय शासनाने २०२१ मध्ये काढला होता, हे आपल्यालाही माहीत असायला हवे होते. थकबाकी वसूल करायची तर पालकांकडून करा. दाखल्यावर मुलाची जन्मतारीख, जन्मस्थान आणि जात असते, पुढे जात पडताळणीपर्यंत तोच कागद लागतो. असा कागद गहाण ठेवून घेणे ही सावकारी आहे.

संस्थाचालक
सावकार हा शब्द मागे घ्या. गेल्या उन्हाळ्यात पत्नीचे दागिने ठेवून मी शिक्षकांचे पगार केले आहेत.

गणितशिक्षक_अंबाजोगाई
दाखला फक्त फीसाठीच अडवला जातो, हा शहरातल्या मंडळींचा समज आहे. आमच्याकडे फी नाही, तरी दाखले अडतात, कारण इथे प्रश्न पटाचा असतो. पूर्वी जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत असायची आणि आठवीला मुले सरळ आमच्या माध्यमिक शाळेत यायची. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवी असा टप्पा धरल्यापासून अनेक जिल्हा परिषद शाळांना आठवीचा वर्ग जोडला गेला. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर होणार ते, पटावर ठरते, म्हणून सातवीचा दाखला मागायला गेलेल्या पालकाला तिथले गुरुजी उद्या या, परवा या म्हणतात, आणि आम्ही माध्यमिकचे शिक्षक भर मे महिन्यात वाड्या-वस्त्यांवर मुले मागत फिरतो. मी वीस वर्षे बीजगणित शिकवतो आहे आणि गेल्या मे महिन्यात एका घरी मला ओसरीवर तासभर बसवून ठेवले होते. पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, ती भीती काय असते, ते निवृत्त झालेल्यांना कळणार नाही.

न्यायाने हेही सांगतो की आमच्या संस्थेनेही दहावीला जाणाऱ्या मुलांचे दाखले अडवले आहेत. ते चूक होते आणि मी तेव्हा बोललो नाही.

दोन_मुलांचा_बाप
मूळ प्रश्न बाजूला राहिला आणि सगळी चर्चा दाखल्यावर गेली. मी शाळांची बाजू घेत नव्हतो. माझा मुद्दा मुलाच्या नुकसानीचा होता, आणि कुमारभारतीत मुलाला सर्वांत कमी गुण पडल्याचे ताईंनीच लिहिले आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या प्रवेशांतून वगळण्याचा नियम शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. तो टिकला असता तर ही मुले पहिलीपासूनच जवळच्या मराठी शाळेत गेली असती आणि नववीत उलथापालथ झाली नसती.

आई_निगडी
तो नियम मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला, हेही आपण लिहायला हवे होते. माझ्या मुलाला त्या आठ वर्षांत जे मिळाले ते वाया गेले, असे मी कधीच म्हटले नाही. विज्ञानाचे इंग्रजी पुस्तक आज तो वर्गातल्या इतर मुलांना वाचून दाखवतो. नुकसान टाळायचे असेल तर मोफत शिक्षण आठवीवर न तोडता दहावीपर्यंत न्यावे, अशी मागणी करा. गरिबाने जागाच घेऊ नये, अशी मागणी करू नका.

दोन_मुलांचा_बाप
‘जागा घेऊच नये’ हे माझे वाक्य कठोर होते, ते मी मागे घेतो. दहावीपर्यंतच्या मागणीवर मी सही करीन. नववीत माध्यम बदलणे धोक्याचे आहे, हे मत मात्र कायम आहे.

संस्थाचालक
दहावीपर्यंत वाढवायला माझी हरकत नाही, पण आधी मागची प्रतिपूर्ती द्यावी. पंचवीस टक्क्यांतल्या मुलाकडून उपक्रम शुल्क मागणे मला पटत नाही, एवढे मात्र ताईंना सांगतो. आम्ही ते घेत नाही.

गणितशिक्षक_अंबाजोगाई
ताई, दाखला शेवटी मिळाला का, आणि त्यावरची जात व जन्मस्थान तपासून घेतले का?

आई_निगडी
जुलैच्या शेवटी मिळाला, पण १८,५०० पैकी नऊ हजार भरल्यावर. जन्मस्थानाची जागा कोरी होती. ती दुरुस्त करून घ्यायला मी पुन्हा त्याच शाळेच्या खिडकीशी दोनदा उभी राहिले.