तलवारीची मूठ हस्तिदंताची की हाडाची, कसं ओळखायचं?

जुनी_मूठ (सोलापूर):
खंडेनवमीला पूजेत ठेवतात त्या घरच्या तलवारीची मूठ पिवळसर पांढरी आहे. दोन्ही अंगांना चपट्या पट्ट्या, तीन रिव्हेटांनी बसवलेल्या. कुणी हस्तिदंत म्हणतं, कुणी हाड, कुणी प्लॅस्टिक. तापलेली सुई टोचून बघू का?

भिंगवाला:
सुई अजिबात नको. सेल्युलॉइड (जुन्या काळचं हस्तिदंतासारखं दिसणारं प्लॅस्टिक) असलं तर भडका उडेल, हस्तिदंत असलं तर कायमचा डाग पडेल.

आधी हळद-कुंकू आणि तेलाचा थर कोरड्या मऊ ब्रशने काढा. तो मुरला की साधं हाडही जुन्या हस्तिदंतासारखं पिवळं दिसतं, निम्मे गैरसमज तिथूनच. पितळेसारखी चिंच-लिंबू मात्र लावू नका. आंबटाने हाड आणि हस्तिदंत दोन्ही झिजतात.

मग सोनाराचं दहापट भिंग घ्या आणि पट्टीचं टोक बघा, म्हणजे जिथे आडवा छेद दिसतो तो भाग. हत्तीच्या दातात तिथे एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेषांची जाळी दिसते. चपट्या अंगावर ही जाळी नसतेच, फक्त पुसट लहरी असतात. तेवढ्यावरून ‘हस्तिदंत नाही’ म्हणू नका. हाडात रक्तवाहिन्यांची छिद्रं असतात: टोकाला काळपट ठिपके, लांबीकडून बारीक तुटक रेघा. मळ भरल्यावर त्या आणखी ठळक होतात. रेषा पट्टीभर एकसारख्या, आखल्यागत समांतर असतील तर सेल्युलॉइडचा संशय घ्या. कापडाने जोरात घासून लगेच वास घ्या, कापराचा आला तर तेच.

अतिनील टॉर्चखाली हाड आणि हस्तिदंत दोन्ही निळसर पांढरे चमकतात, त्यामुळे या दोघांतला निवाडा भिंगच करतं.

लाख_आणि_लोखंड:
एक भर. आपल्याकडच्या वाटीच्या मुठीची (टोकाला वाटीसारखी चकती असलेली) तलवार बहुतेक अखंड लोखंडी मुठीची असते. पातं आत लाखेने बसवलेलं असतं, म्हणून मूठ उन्हात किंवा आचेवर ठेवली की पातं खिळखिळं होतं. पट्ट्यांची मूठ ही शमशेर (इराणी धाटणीची वाकडी तलवार) आणि पेशकब्जाची (एक प्रकारची कट्यार) रीत. लोखंडी मुठीवरच पट्ट्या ठोकलेल्या दिसल्या तर काम नंतरचं समजा.

काळी मूठ असेल तर बहुधा म्हशीचं शिंग. त्याला केसासारखे तंतू असतात, कडेला पापुद्रे सुटतात आणि कीडही लागते. सांबरशिंगाचा गाभा स्पंजासारखा सच्छिद्र.

जुनी_मूठ:
टोकाला काळे ठिपके आहेत, जाळी नाही. एका रिव्हेटपासून पट्टी उभी तडकली आहे. फेविक्विक भरू?

भिंगवाला:
मग हाडच. रिव्हेट लोखंडी आहे का, चुंबक लावून बघा. गंज फुगतो आणि आतून पट्टी फोडतो. सोलापूरच्या उन्हाळ्यातली कोरडी हवा त्यात भर घालते. फेविक्विक भरलात तर फट कडक होईल, पुढची चीर तिच्या शेजारून जाईल आणि गंज आतच राहील. रिव्हेट हलक्या हाताने काढून, गंज साफ करून पुन्हा बसवणं हे जाणकार कारागिराचं काम. तोवर मूठ सुती कापडात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, पावसाळ्यात तिथेच ओल धरते.

लाख_आणि_लोखंड:
हाड निघालं हे बरंच झालं. हस्तिदंताची खरेदी-विक्री वन्यजीव कायद्याने बंद आहे, घरातली जुनी वस्तू असली तरी. आणि वस्तू 100 वर्षांहून जुनी असली तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली ती परदेशी पाठवता येत नाही, मूठ कशाचीही असो.