मामा तलावांची साखळी जुन्या मोबाइलवर दाखवायची आहे, पाणी एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर कसं न्यायचं?

सलंगावरची पोर

नमस्कार मंडळी. मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातली. दिवाळी झाली की आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा दंडार (नाचगाण्याचं लोकनाट्य), रात्री नाटक. यंदा ग्रामपंचायतीच्या जुन्या सभागृहात मला एक खेळ मांडायचा आहे.

आमच्या भागात तलाव एकाखाली एक आहेत. वरची बोडी (लहान तलाव) भरली की सलंगावरून (जादा पाणी सांडायची जागा) पाणी उतरतं, खालचा तलाव भरतो, मग त्याच्या खालचा. तुडुम (तलावातून पाणी सोडायचं तोंड) उघडलं की पाणी धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी (गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची मालकी) गेली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा’ झाले, एवढं गावातल्या पोरांना शाळेत कळतं. पाणी कसं चालायचं ते मात्र आता म्हाताऱ्यांनाच ठाऊक.

तर प्लायवूडच्या मोठ्या पाटीवर पंचवीसेक जुने अँड्रॉइड फोन बसवायचे, एक फोन म्हणजे एक तलाव. शेवटी एक टीव्ही, त्यात बांध्या. लेकरानं वरच्या फोनवर बोट ठेवलं की पाऊस, तलाव भरला की पाणी पुढच्या फोनवर. लॅपटॉपवर पी-फाइव्हमध्ये (ब्राउझरमध्ये कोडने चित्रं काढायची लायब्ररी) सगळं चित्र झालेलं आहे. अडचण पुढे आहे: लॅपटॉप प्रत्येक फोनला त्याच्या वाटणीचं चित्र कापून वायफायवरून पाठवतो. चार फोनांपर्यंत ठीक चालतं, पुढे अडकतं. कधीकधी थेंब पहिल्या फोनवरून निघायच्या आधीच दुसऱ्यावर टपकतो! शिवाय फोन पाच इंचापासून साडेसहा इंचापर्यंत, प्रत्येकाचं रिझोल्यूशन वेगळं. सभागृहात इंटरनेट नाही म्हटलं तरी चालेल. काय करावं?

रामटेककर

ताई, एवढा खटाटोप कशाला? एक प्रोजेक्टर भाड्याने आणा, भिंतीवर मारा, विषय संपला. पंचवीस फोन, पंचवीस चार्जर, पंचवीस डोकेदुख्या.

वडश्याचा लाइटवाला

रामटेककर भाऊ, प्रोजेक्टर मीच भाड्याने देतो, तरी सांगतो, इथे नको. प्रोजेक्टर लावला की लोक बसतात आणि पाहतात. यांना लेकरं उठून हात लावायला पाहिजे आहेत.

ताई, मी झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांना लाइट आणि पडदे पुरवतो. सिझनमध्ये दोन प्रोजेक्टर, एक एलईडी भिंत आणि दोन टीव्ही एका स्टेजवर सांभाळावे लागतात, म्हणून थोडं सविस्तर लिहून राहिलो.

पहिले म्हणजे चित्र पाठवणं बंद करजा. काऊन का, पंचवीस फोनांना सेकंदाला तीस चित्रं म्हणजे साडेसातशे चित्रं एका राउटरवरून, ते कसं पेलणार? पूर्ण प्रोग्राम आणि पूर्ण नकाशा प्रत्येक फोनमध्ये ठेवा. लॅपटॉपने फक्त निरोप द्यायचा: ‘अमुक वेळेला तलाव क्रमांक ३ वर पाऊस सुरू’. बस्स. पुढचं चित्र फोन स्वतः काढतो. दंडारीत गाणं सगळ्यांना पाठ असते, ढोलकीवाला फक्त ताल देतो, तसंच. यासाठी वेबसॉकेट, म्हणजे सर्व्हर आणि ब्राउझरमधली सतत उघडी जोडणी, घ्या. लॅपटॉपवर नोडचा (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) छोटा सर्व्हर टाका, फोनमध्ये साधा ब्राउझर पुरे. निरोप शंभर-दीडशे अक्षरांचा, राउटरला कळणारही नाही.

आता ‘अमुक वेळेला’ म्हणजे कोणाच्या घड्याळाची वेळ? जुन्या फोनांची घड्याळं एकमेकांपासून सेकंद-दोन सेकंद सरकलेली असतात. म्हणून सर्व्हरचं घड्याळ खरं धरायचं आणि प्रत्येक फोनने आपला फरक काढून ठेवायचा. समजा फोनने १००० ला विचारलं ‘किती वाजले?’, सर्व्हर म्हणाला ५०३०, उत्तर फोनला मिळालं १०४० ला. जाण्यायेण्यात ४० मिलिसेकंद गेले, अर्धे २०. म्हणजे फोनच्या १०२० ला सर्व्हरचे ५०३० वाजले होते, फरक ४०१०. असं दहा वेळा विचारा आणि सगळ्यांची सरासरी काढू नका. ज्या फेरीला सर्वांत कमी वेळ लागला तिचाच फरक धरा. जी फेरी रखडली ती जातानी रखडली का येतानी, ते कळत नाही, त्यामुळे तिच्यातलं ‘अर्धं’ खोटं असते. दर अर्ध्या मिनिटाला पुन्हा विचारत राहा. दहा-वीस मिलिसेकंदांची चूक उरली तरी चालते, साठ हर्ट्‌झच्या पडद्यावर एक फ्रेमच मुळी साडेसोळा-सतरा मिलिसेकंदांची असते.

आणखी एक युक्ती. निरोपात ‘आत्ता’ कधीच लिहू नका. ‘आत्तापासून ३०० मिलिसेकंदांनी’ लिहा. तेवढ्यात निरोप सगळ्यात सुस्त फोनलाही पोचतो आणि सगळे एकाच क्षणी सुरू होतात. मात्र ज्या फोनला बोट लागलं त्याने थांबू नये. तिथे लगेच तरंग उठला पाहिजे, नाहीतर लेकरू म्हणते ‘हे बंद आहे’ आणि दाबतच राहते. तरंग लगेच, पाऊस ३०० नंतर. डोळ्याला तो एकच प्रकार वाटतो.

आता तुमच्या पी-फाइव्हच्या कोडमध्ये एक गोष्ट नक्की तपासा. प्रत्येक फ्रेमला ‘पाणी अधिक दोन’ असं लिहिलं असेल तर ते काढा. नवा फोन सेकंदाला साठ फ्रेम काढेल, जुना वीस. जुन्या फोनचा तलाव तिप्पट हळू भरेल. पाणी वेळेवरून मोजा: पाऊस सुरू होऊन इतके मिलिसेकंद झाले, म्हणून पातळी इतकी. याचा दुसरा फायदा असा की मधेच एखादा फोन बंद पडून पुन्हा लागला, तर सर्व्हरने त्याला आतापर्यंतच्या निरोपांची यादी द्यायची. तो हिशोब करून थेट सगळ्यांच्या बरोबरीला येतो. थेंबांच्या उडण्यात रँडम वापरलं असेल तर सगळ्या फोनांना रँडम-सीडचा, म्हणजे ज्यावरून रँडम सुरू होते तो, एकच आकडा द्या, म्हणजे सगळ्यांचं ‘कसंही’ एकसारखं राहते.

सलंगावरची पोर

लाइटवाले दादा, धन्यवाद! कोडमध्ये ‘अधिक दोन’ आहेच. रात्री बसून काढते. पण साइजचं काय? सगळे फोन एकाच नकाशात कसे बसवू? कोणता फोन कुठे आहे हे फोनला कसं कळणार?

वडश्याचा लाइटवाला

नकाशा पिक्सेलात नको, मिलिमीटरात काढा. टेप घेऊन पाटीवर मापं घ्या: डाव्या वरच्या कोपऱ्यापासून फोनचा काच-भाग किती आडवा, किती उभा. फोनच्या ब्राउझरमधला ‘सेंटिमीटर’ खरा सेंटिमीटर नसतो, त्यावर विसंबू नका. त्यासाठी पहिल्यांदा पान उघडलं की पडद्यावर एक चौकट दाखवा, तिच्यावर एटीएम कार्ड ठेवा आणि कार्डाच्या रुंदीइतकी होईपर्यंत चौकट बोटाने ओढा. कार्ड कोणत्याही बँकेचं असो, रुंदी ८५.६ मिलिमीटरच असते. फोन अरुंद असेल तर आडवा धरून मापा. एका मिलिमीटरात किती पिक्सेल ते निघालं की फोन तो आकडा लक्षात ठेवतो आणि तळहाताएवढा मासा पाच इंचावरही तळहाताएवढा, साडेसहावरही तेवढाच.

ओळखीसाठी कॅमेराबिमेरा लावू नका. पत्त्याच्या शेवटी नंबर टाका, प्रत्येक नंबरचा क्यूआर छापा आणि फोनच्या जागेमागे पाटीवर चिकटवा. फोन बदलला की नव्या फोनने तोच क्यूआर स्कॅन करायचा. मंडईच्या गर्दीत तुम्ही चहाला गेल्या तरी दुसऱ्या कोणाला जमलं पाहिजे.

जुन्या फोनांत चित्र पूर्ण रिझोल्यूशनला काढू नका, पी-फाइव्हमध्ये पिक्सेल-डेन्सिटी १ करा. पाण्याला काय फरक पडते.

चांद्याची चित्रकला मास्तरीण

तांत्रिक बाजू दादांनी मांडलीच आहे, मी फक्त पाहणाऱ्याच्या बाजूने लिहिते.

दोन फोनांमधल्या फटीला घाबरू नकोस. नवशिके लोक चित्र फटीच्या अलीकडून पलीकडे उडी मारून जोडतात, ते डोळ्याला खटकतं. फट म्हणजे खिडकीची चौकट समज. पाणी तिच्या मागूनही वाहतंच, फक्त आपल्याला दिसत नाही. फट साठ मिलिमीटरची असेल तर थेंब तेवढे साठ मिलिमीटर काटून मगच पुढच्या फोनवर यावा. तेवढा क्षणभर तो कुणालाच दिसत नाही आणि नेमक्या त्याच क्षणी लेकरं पुढच्या फोनकडे मान वळवतात. फटी मुद्दाम कमीजास्त ठेव. खरे तलाव काही सारख्या अंतरावर नसतात.

नाम जून पाइक या कलावंताने १९९५ साली ३३६ टीव्ही रचून अमेरिकेचा नकाशा केला, तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये आहे. राज्यांच्या सीमा निऑनच्या नळ्यांनी काढल्या आहेत. त्यातली मला आवडणारी गोष्ट अशी की वॉशिंग्टनच्या जागी कॅमेऱ्यातून आलेलं चित्र आहे, समोर उभा असलेला माणूसच त्यात दिसतो. तुझ्या साखळीत एखादा तलाव असा ठेव की पाणी शांत झालं की त्यात पाहणाऱ्याचा चेहरा दिसेल. रांग तिथेच लागेल, सांगून ठेवते.

कुणीतरी तुला म्हणेल की लोकांचे स्वतःचे फोन वापर. तेही झालेलं आहे. गोलान लेव्हिन याने २००१ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझला प्रेक्षकांच्याच मोबाइलच्या रिंगटोन वाजवून मैफल केली. आधी प्रत्येकाचा नंबर नोंदवून घेतला, नव्या रिंगटोन चढवल्या, कोण कुठल्या खुर्चीवर ते ठरवलं. एवढी शिस्त नाट्यगृहात जमते. मंडईत जिलेबीचा हात घेऊन आलेल्या माणसाला ‘आधी वायफायला जोडा’ म्हणशील तर तो पुढच्या दुकानाकडे वळेल.

हातात द्यायचाच असेल तर एकच फोन दे आणि त्यावर चित्र अजिबात नको. भिंतीवर जे दिसतं तेच हातात दिलं तर माणूस मान खाली घालून बसतो, भिंत वाया जाते. हातातल्या फोनवर नुसती तुडुमं असावीत, उघड आणि बंद.

सलंगावरची पोर

मॅडम, हे तर पाणकराचं काम झालं! आमच्याकडे पाणकर असायचा, कोणाच्या बांधीत किती पाणी सोडायचं ते तोच पाहायचा. हातातला फोन पाणकराचा. एकाने सगळी तुडुमं उघडली तर खालच्या बांध्या कोरड्या पडल्याच पाहिजेत, मग भांडणं होतील, होऊ देत.

एक विचारायचं होतं. पाणकराचा फोन तिरपा केला की पाणी वळलं पाहिजे असं मनात आहे. लॅपटॉपवर कोड ठीक वाटतो, फोनवर काहीच हलत नाही.

वडश्याचा लाइटवाला

ते हलणार नाही. फोन तिरपा झाल्याची खबर क्रोम फक्त सुरक्षित पानाला देते, म्हणजे एचटीटीपीएसवाल्या. तुमचा सर्व्हर १९२.१६८ वाल्या साध्या पत्त्यावर आहे. लॅपटॉपवर लोकलहोस्टला, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच पत्त्याला, सूट असते म्हणून तिथे तक्रार दिसली नाही. आयफोन असेल तर आयओएस १३ पासून बटण दाबून परवानगीही मागावी लागते. मंडई जवळ आली आहे, एचटीटीपीएसला लागणाऱ्या सर्टिफिकेटच्या भानगडीत पडू नका, बोटाने ओढायची दांडी करा. तुडुमाला तसंही वळवत नाहीत, उचलतात.

स्क्रीन जागी ठेवायची वेबवाली सोय याच कारणाने मिळणार नाही. सेटिंगमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स उघडून ‘स्टे अवेक’ चालू करा, चार्जिंगला असेपर्यंत पडदा झोपत नाही. फोनांतली सिम काढा. वायफायला इंटरनेट नाही असं दिसलं की अँड्रॉइड गुपचूप मोबाइल डेटावर जाते आणि तुमचा तलाव साखळीतून गायब. एअरप्लेन मोड लावून फक्त वायफाय चालू ठेवा. फोनच्या हॉटस्पॉटवर काम भागणार नाही, बऱ्याच फोनांत आठ-दहा जोडण्यांवर हात वर होतात. राउटर घ्या आणि माणसांच्या डोक्यांच्या वर टांगा. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर पाण्यात जिरते, आणि माणूस म्हणजे बहुतेक पाणीच. रिकाम्या हॉलमध्ये जे चाललं ते गर्दीत चालेलच असं नाही.

पाठ फुगलेला फोन पाटीवर लावायचा नाही, कितीही चांगला पडदा असला तरी. दिवसभर चार्जिंग, वरून ब्राइटनेस फुल, बॅटरी तापते. ब्राइटनेस अर्धी, पाटीला मागून मोठी भोकं. पंचवीस फोन पाच-पाच वॅटचे धरले तरी सव्वाशे वॅट, टीव्ही सोडून. तेवढं घरच्या इन्व्हर्टरवर निघते. राउटर आणि लॅपटॉप मात्र इन्व्हर्टरवर पाहिजेच. लाइन गेली आणि आली की राउटर उठायला मिनिट-दोन मिनिटं घेते, तेवढ्यात रांग तुटते.

रामटेककर

वाचून मीच येतो म्हणतो मंडईला. टीव्ही माझ्याकडे आहे, ३२ इंची. आणू का?

वडश्याचा लाइटवाला

आणा भाऊ. पण टीव्ही फोनपेक्षा मागे चालते, ते आधी मोजा. एचडीएमआयने आलेलं चित्र टीव्ही स्वतःचे रंगबिंग लावून मग दाखवते. पिक्चर मोड ‘गेम’ करा, त्याने बराच उशीर कमी होते. चारी बाजू कापलेल्या दिसल्या तर ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ शोधा. मंग टीव्ही आणि एक फोन शेजारी ठेवून दोघांवर मिलिसेकंदाचा पळता आकडा लावा आणि तिसऱ्या फोनने दोघांचा एकत्र फोटो काढा. फोटोत जो फरक दिसेल तो टीव्हीचा उशीर. ताई, तेवढा आकडा टीव्हीच्या पानात आगाऊ मिळवून टाका. फोटो चार-पाच काढजा, एकावर जाऊ नका.