१३०० जिप्सीला वेबर ३२/३६ बसवावा की मूळचाच कार्बोरेटर नीट करावा?

जी१३_रत्नागिरी (धागाकर्ता)
जिप्सी किंग, १२९८ सीसी, ८ व्हॉल्व्ह. हेडचं पोर्टिंग (हवेच्या वाटा मोठ्या करणं) झालंय, कॅम मूळच्यापेक्षा थोडा गरम, ४-२-१ हेडर. कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) मात्र कंपनीचाच. चौथ्या गिअरला ३५०० आरपीएमच्या वर गाडी ओढत नाही. आरे-वारेच्या चढावर एकदम पाय दिला की क्षणभर अडखळते. वापर रत्नागिरी-गणपतीपुळे, अधूनमधून आंबा घाटाने कोल्हापूर. एक जण म्हणतो वेबर ३२/३६ (३२ आणि ३६ मिमीच्या दोन नळ्यांचा कार्बोरेटर), दुसरा म्हणतो वेबरच्याच ४० डीसीओईची जोडी (दोन-दोन नळ्यांचे आडवे कार्बोरेटर). जाणकारांनी कारणासकट मत द्यावं.

आंजर्ले_ऑटो
वेबर ३२/३६ डीजीव्ही, मॅन्युअल चोकचा. किनाऱ्यावर चोक लागतो कुठे? इलेक्ट्रिक चोकच्या डीजीईव्हीची वायर आणि स्प्रिंग सांभाळत बसायची गरज नाही. प्रायमरीची, म्हणजे पहिल्या नळीची व्हेंचुरी (आतला आवळलेला गळा) २६ मिमी, सेकंडरीची, म्हणजे दुसरीची २७. रोजच्या चालीला एक नळी, पूर्ण पाय दिला की दोन्ही. सेकंडरी लिव्हरवर उघडते, त्यामुळे हवेच्या ओढीवर हलणाऱ्या पडद्याच्या, डायफ्रॅमच्या भरवशावर राहावं लागत नाही. आयडल जेट (सावकाश चालीचं पेट्रोल मोजणारी भोकं) बाहेरून निघतात, झाकण उचललं की मेन जेट (पुढच्या चालीचं पेट्रोल मोजणारं) हाताशी. हव्या त्या नंबरचं जेट विकत मिळतं, हा सर्वांत मोठा फायदा.
डीसीओईच्या जोडीत चार आयडल, चार मेन, चार एअर करेक्टर (मेन जेटच्या पेट्रोलात हवा मिसळणारी भोकं), वर दोन बॉडींचं लिंकेज जुळवणं. सौम्य कॅमला त्याचा फायदा मिळत नाही. पैसे वाया जातील.

चिपळूण_स्पॅनर
डीसीओईबद्दल सहमत, वेबरबद्दल नाही. आधी हिशोब करू. १२९८ सीसीचं इंजिन ६००० आरपीएमला पूर्ण भरलं तर मिनिटाला सुमारे ३,९०० लिटर हवा घेतं. भरण ८५ टक्के धरलं तर ३,३०० लिटर, म्हणजे साधारण ११७ सीएफएम (मिनिटाला घनफूट). तुमची गाडी अडते ३५००ला. तिथे गरज जेमतेम ६८ सीएफएमची. एवढ्याला मूळच्या कार्बोरेटरचा गळा अपुरा पडत नाही. म्हणजे दोष मापाचा नाही.
सेकंडरी उघडते का ते बघा. डायफ्रॅमवर चालत असेल तर डायफ्रॅम फाटलाय का, लिव्हरवर असेल तर पेडल तळाशी गेल्यावर पाकळी (नळीतली थ्रॉटलची चकती) उभी होते का. बऱ्याच गाड्यांत केबल सैल असते, नाहीतर पायाखालची मॅटच पेडल अडवते. ती उघडत असेल तर पेट्रोल पुरतंय का हे तपासा: फिल्टर, टाकीतली जाळी, पंप. अडखळण्याचं कारण वेगळं. इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टर काढून थ्रॉटल झटकन ओढा. ॲक्सिलरेटर पंपाची धार लगेच आणि सरळ आली पाहिजे. उशिरा आली किंवा थेंब पडले तर पंपाचा डायफ्रॅम किंवा चेक व्हॉल्व्ह गेलाय. नवा वेबर घेऊन ही तपासणी टळत नाही.

आंजर्ले_ऑटो
हिशोब मान्य. पण जुन्या बॉडीचं काय? खाऱ्या हवेत जस्त-ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, थ्रॉटल स्पिंडलची (पाकळ्या फिरवणाऱ्या दांड्याची) भोकं झिजतात. चालू गाडीत स्पिंडलच्या टोकाशी कार्ब क्लीनरचा बारीक फवारा द्या (हेडरपासून लांब, अग्निशामक जवळ ठेवून). आरपीएम हलला तर तिथून हवा ओढली जातेय. अशा कार्बोरेटरचं आयडल कधीच स्थिर लागत नाही, कितीही जेट बदला.

चिपळूण_स्पॅनर
रीमर मारून पितळी बुश बसवला की तो दोष जातो. चांगला टर्नर करून देतो. पण पाकळ्यांचे स्क्रू परत पक्के करून टोकं दाबून घ्यायलाच हवीत, कारण सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो.

कुडाळ_फोर_बाय_फोर
तुम्ही दोघंही पेट्रोलबद्दल बोलतच नाही आहात. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल) आहे. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७ लागतं, ई२०ला सुमारे १३.५. म्हणजे त्याच हवेला ९ टक्के जास्त इंधन. जेटचं क्षेत्रफळ तेवढं वाढवायचं तर व्यास चारेक टक्क्यांनी वाढवावा लागतो. वेबरचा नंबर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, त्यामुळे १४० असेल तर १४५. जुनं जेटिंग ई२०वर लीन (पेट्रोल कमी) चालतं, आणि पाय दिल्यावर अडखळणं हे लीनचंच लक्षण आहे. जेट तारेने किंवा ड्रिलने मोठं करू नका, आतली कड खरखरीत होते आणि नंबरला अर्थ उरत नाही.
रबरी पाइप आणि नीडल व्हॉल्व्हचं (बाउलमध्ये येणारं पेट्रोल रोखणाऱ्या सुईचं) टोक व्हिटॉनचं (इथेनॉल सोसणारं रबर) घ्या. जुना रबर ई२०मध्ये फुगतो, त्याचे कण नीडलखाली अडकतात, मग फ्लोट बाउल (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भांडं) भरून वाहतो. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर फ्लोट बाउल रिकामा करा. इथेनॉल पाणी ओढतं, आणि गंज तळाच्या जेटपासून सुरू होतो.

सडा_ते_घाट
कोल्हापूरला ट्यून केलेली गाडी किनाऱ्यावर उतरली की लीन होते, हेही धरा. साडेपाचशे मीटरच्या फरकाने हवा सुमारे ६ टक्के घट्ट होते, कार्बोरेटर त्यातली निम्मीच भरपाई करतो. ट्यूनिंग रत्नागिरीतच करा.

चिपळूण_स्पॅनर
३ टक्क्यांचा फरक झाला तो. पावसाळ्यात ३२ अंशांना दमट हवेत ४ टक्के जागा वाफेची असते, तिथे मिश्रण जवळपास तेवढंच रिच (पेट्रोल जास्त) होतं. जेटच्या एका पायरीपेक्षा कमी असलेल्या फरकामागे धावू नका, मधलं जेट लावा.

आंजर्ले_ऑटो
वेबर बसवलाच तर क्रम असा. आधी टॅपेट, प्लग, टायमिंग. पेट्रोलचा दाब २.५ ते ३.५ पीएसआय, जास्त असेल तर रेग्युलेटर. फ्लोट: झाकण उभं धरून गॅस्केटपासून प्लास्टिकचा असेल तर ३५ मिमी, पितळी असेल तर ४१. ॲडॅप्टर प्लेटचं तोंड मॅनिफोल्डशी फाइलने जुळवा, कड आत राहू देऊ नका. खाली बेकलाइटचा स्पेसर, नाहीतर उन्हाळ्यात घाट चढून थांबलं की बाउलमधलं पेट्रोल उकळतं.
स्पीड स्क्रू लिव्हरला टेकल्यापासून दीड आट्यापेक्षा जास्त आत नको, मिक्स्चर स्क्रू दोन आटे बाहेर. गाडी गरम करून मिक्स्चर स्क्रूने सर्वांत गुळगुळीत आयडल शोधा. तो अडीच आट्यांपलीकडे सापडला तर आयडल जेट लहान आहे, दीडच्या आत सापडला तर मोठं. हे जुळल्याशिवाय मेन जेटला हात लावायचा नाही, कारण सावकाश चालवताना गाडी बराच वेळ आयडल सर्किटवरच असते. मग ३००० आरपीएमला स्थिर चालवून प्रायमरी मेन, पूर्ण थ्रॉटलला सेकंडरी मेन, आणि शेवटी एअर करेक्टर. मेन ५ने बदलणं म्हणजे साधारण करेक्टर २०ने बदलणं, फक्त करेक्टरचा परिणाम वरच्या आरपीएमला जास्त दिसतो. वाइडबँड मीटर (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा) लॅम्ब्डावर (१.० म्हणजे नेमकं मिश्रण, त्याहून कमी म्हणजे रिच) ठेवा, म्हणजे ई२०चा गोंधळ होत नाही: सपाट चालीला १.०च्या आसपास, पूर्ण थ्रॉटलला ०.८५ ते ०.८८.

कुडाळ_फोर_बाय_फोर
एक भर: बाउल पुढच्या बाजूला येईल असाच बसवा. चढावर पेट्रोल नळ्यांकडे सरकतं, मिश्रण थोडं रिच होतं पण गाडी ओढते. उलटा बसवला तर चढावरच उपाशी राहते.

जी१३_रत्नागिरी
आरटीओचं काय?

सडा_ते_घाट
इंजिनमधले बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२खाली येतात, आरटीओत विचारूनच करा. पीयूसी मात्र दोन्ही मार्गांनी मिळू शकतं. जुन्या, बीएस-२च्या आधीच्या पेट्रोल गाडीला आयडलला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) १५०० पीपीएमची मर्यादा आहे. आयडल रिच ठेवलंत तर नापास.

चिपळूण_स्पॅनर
पैसे खर्च करण्याआधी स्पिंडल हलवून बघा आणि सेकंडरी उघडते का तेवढं इथे कळवा. बॉडी शाबूत असेल तर बुश, डायफ्रॅम, व्हिटॉनचं नीडल आणि एक नंबर मोठं मेन जेट, एवढ्यात गाडी ५५००पर्यंत ओढायला हवी.

आंजर्ले_ऑटो
आणि त्या मापाचं मेन जेट बाजारात मिळालं नाही तर? ते आधी शोधा, मगच कार्बोरेटर खोला.