‘पेशींतला’ गॅबा की ‘पेशींवरचा’?

प्रश्न: झोपेवरच्या एका मसुद्यात गॅबा या मेंदूतल्या रसायनाबद्दल ‘हिस्टामिनजन्य चेतापेशींमधील प्रतिबंधक चेतापारेषक’ असं आलंय. (चेतापारेषक म्हणजे एका चेतापेशीचा संदेश दुसरीकडे नेणारं रसायन. हिस्टामिन हे त्यांतलंच, मेंदूला जागं ठेवणारं.) ‘प्रतिबंधक’ ठेवावा, की ‘निरोधक’, की ‘अवरोधक’?

उत्तर: ‘प्रतिबंधक’ नको. तो आधीच घ्यायच्या काळजीचा शब्द, जशी प्रतिबंधक लस. इथे चालू पेशी गप्प करायची आहे, म्हणून ‘निरोधक’. सरकारी निरोध आठवून कुणी हसलं तर हसू द्या, चित्तवृत्तिनिरोध त्याहून जुना आहे. ‘अवरोधक’ मात्र औषधांसाठी राखून ठेवा. सर्दीवरचं क्लोरफेनिरामाइन मेंदूत हिस्टामिनच्या एच-१ ग्राहीवर, म्हणजे पेशीवर हिस्टामिन जिथे चिकटतं त्या जागेवर, ठाण मांडतं आणि डोळे मिटायला लागतात. तिथे हिस्टामिन सोडणारी पेशी गप्प झालेली नसते, पुढच्या पेशीचं दार अडवलेलं असतं.

उत्तर: मला शब्दापेक्षा ‘मधील’ जास्त खटकतो. या हिस्टामिन बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात, ट्युबेरोमॅमिलरी केंद्रकात (इथे केंद्रक म्हणजे चेतापेशींचा पुंजका) असतात. माणसात साधारण 64,000. झोपेत पुढच्या भागातल्या पेशी त्यांच्यावर गॅबा आणि गॅलॅनिन हे दोन चेतापारेषक सोडतात. गॅबामुळे क्लोराइडची वाट उघडते, ऋणभारित क्लोराइड आत शिरतं, पेशी उद्दीपनाच्या उंबरठ्यापासून लांब राहते. हा ‘पेशींवरचा’ गॅबा, बाहेरून आलेला. पण यांतल्या पुष्कळ पेशींत गॅबा बनवणारं विकरही (एन्झाइम) असतं, म्हणजे ‘पेशींतला’ गॅबा वेगळा. ‘मधील’ लिहिलं की वाचक दुसराच धरणार.

उत्तर: आणि ‘पेशींतला’ म्हणताना क्रियापद जपून. ‘आढळतो’ लिहा, ‘स्रवतो’ नको. 2015 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून तो सोडला जातो असा निष्कर्ष निघाला. नंतरच्या प्रयोगांत तसं दिसलं नाही.

प्रश्न: मग हिस्टामिन स्वतः ‘उद्दीपक चेतापारेषक’ म्हणायचं का?

उत्तर: सरसकट नाही. एच-१वर ते उद्दीपक, पण हिस्टामिन सोडणाऱ्या पेशींवरच्याच एच-३ ग्राहीला चिकटलं की स्वतःच्याच पेशीला लगाम घालतं. निरोध हा रेणूचा अंगभूत गुण नाही, ग्राहीवर ठरतो. म्हणून ‘निरोधक परिणाम’ लिहिणं जास्त काटेकोर.

पुरवणी: ‘हिस्टामिनजन्य’ही बदला. जन्य म्हणजे त्यातून जन्मलेलं, आणि इथे तर पेशीच हिस्टामिनला जन्म देते! ‘अंतःस्रावी’च्या धर्तीवर ‘हिस्टामिनस्रावी’ चालेल. दुरुस्त वाक्य: ‘झोपेत हिस्टामिनस्रावी चेतापेशींवर गॅबा आणि गॅलॅनिन यांचा निरोधक परिणाम होतो.’