मदत हवी आहे: घरात उडवायचं रिमोटचं हेलिकॉप्टर जागच्या जागी गरागरा फिरतंय

माडाखाली | मंगळवार, रात्री ९:१२
एकावर एक दोन पंखे असलेलं छोटं हेलिकॉप्टर आहे. उचललं की डावीकडे गरागरा फिरायला लागतं. ट्रिम (एका बाजूची ओढ मारायची रिमोटवरची खिट्टी) पूर्ण उजवीकडे नेलं तरी थांबत नाही. दुपारी तर मधेच थाडकन खाली येतं. बॅटरी फुल आहे, पाती नवी टाकली आहेत. रविवारी भाचे येणार, त्याआधी उडायला हवं. काय बदलू, मोटर की सर्किट? लिंक द्या, आजच ऑर्डर टाकतो. इकडे देवगडात कुरियर यायला चार दिवस लागतात.

गियरवाला | ९:३०
अजून काहीही मागवू नका. आधी सांगा, रिमोट इन्फ्रारेड (टीव्हीच्या रिमोटसारखा) की २.४ गिगाहर्ट्झ (रेडिओचा)? चॅनल, म्हणजे रिमोटने होणाऱ्या वेगवेगळ्या हालचाली, किती? जायरो (वळणं ओळखून तोल सावरणारा सेन्सर) आहे का? स्विच चालू करता तेव्हा हेलिकॉप्टर हातात असतं की जमिनीवर? पहिल्या सेकंदापासून फिरतं की मिनिटाभराने? आणि 'डावीकडे' म्हणजे नाक डावीकडे की शेपूट?

सुकट_पेंडी | ९:४१
व्हिडिओ टाका हो. नुसतां सांगान कसां कळतला?

घोंगावणारा | ९:४४
कोअ‍ॅक्सियल (एकावर एक दोन पंख्यांच्या) हेलिकॉप्टरच्या नादाला लागूच नका. पात्यांभोवती कडं असलेला छोटा क्वाड (चार पंख्यांचा ड्रोन) घ्या. भिंतीला आपटला तरी काही होत नाही आणि उंची स्वतः धरतो. मुलांना तेच बरं.

गियरवाला | ९:४९
त्यांनी काय घेऊ असं विचारलेलं नाही.

माडाखाली | १०:०५
व्हिडिओ टाकता येत नाही, रेंज नाही. इन्फ्रारेड आहे. साडेतीन चॅनल असं खोक्यावर लिहिलंय. जायरो आहे. नाक डावीकडे जातं, पहिल्यापासून. स्विच हातातच लावतो, मग खाली ठेवतो. नेहमी असंच करतो, त्याचा काय संबंध?

गियरवाला | १०:२०
तिथेच संबंध आहे. स्विच लागल्यावर पहिले तीन-चार सेकंद जायरो 'स्थिर म्हणजे काय' ते मोजून घेतो. तेवढ्या वेळात हातात हललं, तर त्या हलण्यालाच तो शून्य समजतो आणि पुढे सगळं उड्डाण चुकीची दुरुस्ती करत राहतो. स्विच लावा, लगेच सपाट जागी ठेवा, हात काढा, दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर होईपर्यंत थांबा, मग रिमोट लावा. रिमोटला थ्रॉटल (पंख्यांचा वेग वाढवायची दांडी) आधी एकदा पूर्ण वर-खाली लागत असेल तर तेही करा.

पण ट्रिम टोकाला नेऊनही थांबत नाही म्हणजे एवढ्यावर भागणार नाही. दोनपैकी एक पंखा कमी फिरतोय. ओळखायची रीत सोपी आहे. दोन्ही पंखे उलट दिशांना फिरतात आणि एकमेकांचा झटका (बॉडीला उलट फिरवणारा जोर) खाऊन टाकतात. एक मंदावला की दुसऱ्याचा झटका उरतो आणि बॉडी त्या जोरकस पंख्याच्या उलट फिरते. म्हणजेच बॉडी ज्या दिशेला फिरते, त्याच दिशेला फिरणारा पंखा कमजोर. तुमचं नाक डावीकडे जातं, म्हणजे वरून पाहिल्यावर घड्याळाच्या उलट. वरचा आणि खालचा यांतला कोणता पंखा घड्याळाच्या उलट फिरतो ते बघून सांगा. पात्याचा फुगीर, जाड काठ ज्या बाजूला, त्या बाजूला ते फिरतं.

चिरेबंदी | १०:३४
'बॅटरी फुल' हे कशावरून? चार्जरचा दिवा हिरवा झाला म्हणून? किती वेळात झाला? १५० एमएएच क्षमतेचा सेल पूर्ण रिकामा असेल तर यूएसबी केबलवर साधारण ४० ते ५० मिनिटं घेतो. दहा मिनिटांत हिरवा झाला तर सेल गेलाय किंवा पिना गंजल्यात. खाऱ्या हवेत पिनांवर हिरवट थर येतोच. जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल रिपेअरवाल्याकडे मिळतं. पाणी नको, थुंकी तर मुळीच नको.

मल्टिमीटर असेल तर चार्जनंतर ४.१५ ते ४.२ व्होल्ट दिसायला हवेत. पंखे फिरत असताना लगेच ३.५ च्या खाली आला तर सेल बदला. ३ च्या खाली तर कधीच जाऊ देऊ नका.

आजोळ_मालवण | १०:५०
गियरला एक थेंब खोबरेल घाला. जाम झालेलं सगळं सुटतं. उगाच एवढं वाचत बसायची गरज नाही.

चिरेबंदी | १०:५३
खोबरेल गियरला? २४-२५ अंशांखाली ते गोठतं. पौष महिन्यात बाटलीत काय होतं ते बघा, तेच शाफ्टवर (पंख्याच्या दांड्यावर) होणार. शिवाय त्यावर धूळ बसून चिकट लगदा होतो. तेल घालायचंच तर शिवणयंत्राचं, तेही सुईच्या टोकावर येईल इतकंच, आणि फक्त शाफ्ट जिथे बेअरिंगमधून जातो तिथे. प्लॅस्टिकच्या दात्यांना काही लावायचं नाही.

आजोळ_मालवण | १०:५९
किनाऱ्यावर गोठायला काय काश्मीर आहे? शिलाईचं तेल तरी कुठे असतं प्रत्येकाकडे.

सुकट_पेंडी | ११:०२
आमच्याकडे शिलाईचां मशीन आसा, खोबरेल पण आसा. हेलिकॉप्टर नाय.

माडाखाली | बुधवार, सकाळी ७:१५
पाहिलं. खालचा पंखा घड्याळाच्या उलट फिरतो. बॅटरी ३५ मिनिटांनी हिरवी झाली, मल्टिमीटर ४.१८ दाखवतोय, म्हणजे बॅटरी बरी आहे. स्विच खाली ठेवूनच लावला. फिरणं थोडं कमी झालं, थांबलं नाही. मग झाकण उघडून खालचा गियर पाहिला, अगदी साफ आहे. म्हणजे मोटरच ना? मागवू का?

गियरवाला | ७:४०
थांबा, इथेच सगळे फसतात. खालचा गियर खालच्या पंख्याचा नाही. मधला बारीक शाफ्ट बाहेरच्या पोकळ शाफ्टच्या आतून आरपार जातो. तो वर जाऊन वरचा पंखा फिरवतो आणि खाली जास्त लांब असतो, म्हणून त्याचा गियर तळाशी. पोकळ शाफ्ट खालच्या पंख्याचा, त्याचा गियर वरच्या जागी, सांगाड्याला अगदी चिकटून. तुम्हाला बघायचाय तो हा वरचा गियर.

बॅटरीचा स्विच बंद करा. वरचा पंखा एका हाताने धरा, खालच्याला बोटाने टिचकी मारा. मोटरचा हलका लोहचुंबकी अडसर लागेल, तेवढा चालतो. पण अर्ध्या फेरीत मेल्यासारखा थांबला, किंवा एकाच जागी अडकतोय असं वाटलं तर तिथे काहीतरी गुंडाळलंय. केस, दोरा, मच्छरदाणीचा धागा. टॉर्च आडवी धरून गियर आणि सांगाडा यांच्यामधल्या फटीत पाहा. आणि उडवता कुठून? जमीन कसली आहे?

हापूस_कलम | ८:०५
विषय निघालाच आहे तर, कलमांवर फवारणीसाठी ड्रोन कोणी वापरला आहे का? १० लिटर टाकीचा. मोहोराच्या वेळी खालच्या फांद्यांपर्यंत फवारा जातो का?

घोंगावणारा | ८:१८
खालच्या फांद्यांच्या पानांना मागून फवारा लागायला पंख्यांचा वारा कामी येतो, पण दाट जुन्या कलमात आत पोचत नाही. वेगळा धागा काढा. आणि तो लहान खेळण्यांसारखा मोकळा उडवता येत नाही. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे एवढ्या मोठ्या ड्रोनला नोंदणी आणि उडवणाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. इथलं हेलिकॉप्टर चाळीस-पन्नास ग्रॅमचं, तेही घरात, त्याची गोष्ट वेगळी.

माडाखाली | ८:३०
फवारणीचं वेगळीकडे बोला कृपया. घर कौलारू आहे, माजघरात उडवतो. जमिनीला लाद्या. लादीवर घसरतं म्हणून दारातलं पायपुसणं मधोमध टाकतो, त्यावरून उडवतो.

चिरेबंदी | ८:३३
कसलं पायपुसणं?

माडाखाली | ८:३६
काथ्याचं. इकडे दुसरं कसलं असतं?

चिरेबंदी | ८:३७
😀

गियरवाला | ८:५०
सापडलं. पंख्याच्या वाऱ्याने काथ्याचा भुसा उडतो आणि थेट गियरमध्ये जातो. पायपुसणं खडबडीत असल्यामुळे हेलिकॉप्टर तिरकं बसतं, जायरोलाही सपाट जागा मिळत नाही. लादीवरून उडवा, घसरू दे. घसरतं ते लादीमुळे नाही. जमिनीपासून साधारण पंख्याच्या व्यासाइतक्या उंचीपर्यंत त्याचाच वारा जमिनीवरून उलटून त्याला ढकलत राहतो. तिथे रेंगाळलात की सरकतं, ट्रिम केलेलं सगळं वाया. थ्रॉटल एका दमात पण सावकाश वाढवत गुडघ्यापर्यंत न्या, तिथे धरा, आणि ट्रिम तिथेच लावा. जमिनीवर ट्रिम लावायचं नाही. दोन-तीन टिकटिक, मग दोन सेकंद बघा, मग पुढच्या. आता टोकाला नेलेलं ट्रिम आधी मधोमध आणा.

चिरेबंदी | ९:१०
कौलारू घर म्हणालात. छपरात काचेचं कौल आहे का? माजघरात उन्हाचा चौकोन पडतो का?

माडाखाली | १:२०
आहे. दोन आहेत. बारा-एकला बरोबर मधे ऊन पडतं.

चिरेबंदी | १:३५
दुपारी थाडकन पडतं ते त्यामुळे. याचा फिरण्याशी संबंध नाही, दोन वेगळे आजार आहेत. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. हेलिकॉप्टर त्या चौकोनात शिरलं की त्याचा सेन्सर दिपतो, रिमोटचा सिग्नल त्यात बुडतो आणि सिग्नल गेला की मोटर बंद. सकाळी किंवा दिवे लागल्यावर उडवा, किंवा कौलाखाली जाड कापड टांगा. जुना पिवळा बल्ब असेल तर तोही बंद ठेवा, एलईडी चालते.

रिमोट ठीक आहे का ते मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्याने बघा. रिमोटचं टोक कॅमेऱ्याकडे करून थ्रॉटल द्या, डोळ्यांना न दिसणारा जांभळट उजेड पडद्यावर लुकलुकताना दिसेल. मंद दिसला तर रिमोटचे पेन्सिल सेल बदला. आणि दुसरं रिमोट चालू असेल तर ए, बी, सी यांतला बँड (सिग्नलची वाट) वेगळा निवडा.

घोंगावणारा | १:५०
चार्जिंगचं कोणी बोललं नाही. मोबाइलचा फास्ट चार्जर लावू नका, सेल फुगतो.

चिरेबंदी | २:०४
अर्धं बरोबर. समोरच्या यंत्राने मागितल्याशिवाय फास्ट चार्जरसुद्धा ५ व्होल्टच देतो आणि करंट केबलमधलं सर्किट ठरवतं. तरी केबलवर संगणकाच्या यूएसबीलाच लावा असं लिहिलं असेल तर तेच करा, कारण स्वस्त केबलीतलं सर्किट कसलं आहे ते कोणाला माहीत. खरा धोका दुसरा: उडवून झाल्यावर गरम सेल लगेच चार्जिंगला लावणं. पंधरा मिनिटं थंड होऊ द्या. लावून झोपू नका, आणि गादीवर, चटईवर नको, लादीवर ठेवा. उशीसारखा फुगलेला सेल परत चार्ज करायचा नाही.

आजोळ_मालवण | २:१५
फुगलेला सेल मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, मग कचऱ्यात. सगळीकडे हेच सांगतात.

चिरेबंदी | २:२२
सांगतात खरं, पण मिठाच्या पाण्यात आधी पिना गंजून तुटतात आणि आत चार्ज तसाच राहतो. बाहेरून मेलेला, आतून जिवंत. टॉर्चचा छोटा बल्ब जोडून तो विझेपर्यंत ठेवा, मग टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या. आणि चांगला सेल पावसाळ्यात ठेवायचा असेल तर अर्धा चार्ज करून, ३.८ व्होल्टच्या आसपास, प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात, सिलिकाची पुडी टाकून. स्टीलच्या डब्यात नको, पिना टेकल्या तर शॉर्ट.

माडाखाली | रात्री ८:४०
सापडला. वरचा गियर आणि सांगाडा यांच्यामधे काथ्याचा तंतू, चार-पाच वेढे. आधी दिसलाच नाही कारण त्याचा रंग आणि आतल्या धुळीचा रंग एकच. सुईने उकलून चिमट्याने ओढला. आता टिचकीला दोन्ही पंखे सारखेच फिरतात. ट्रिम मधोमध, लादीवरून उडवलं. एका जागी उभं राहतं! पण आता फिरत नाही तर गोल गोल झोके घेतंय, वाटीत कंचा फिरावा तसं. हे काय नवीन?

गियरवाला | ८:५५
नवी पाती लावताना स्क्रू करकचून आवळलेत. बरोबर?

माडाखाली | ८:५७
हो. सैल पडू नयेत म्हणून.

गियरवाला | ९:०८
सैलच हवेत. हेलिकॉप्टर आडवं धरलं की पातं स्वतःच्या वजनाने सावकाश खाली लोंबलं पाहिजे. फिरताना ती ओढीने आपोआप समोरासमोर येतात. आवळलेली असली की एक पुढे, एक मागे राहतं आणि झोके बसतात. चारही स्क्रू पाव-पाव फेरी सोडा. त्यानंतरही झोके राहिले तर वरची वजनाची दांडी, फ्लायबार, तिचे दोन जोड बघा. वाकडे असतील तर हाताने सरळ करू नका, बदला. आणि वरच्या पात्यांच्या जोडीवर आणि खालच्या जोडीवर ए-बी असं लिहिलेलं असतं, ते अदलाबदल झालेलं नाही ना? झालं असतं तर उचललंच नसतं, तरी बघून घ्या.

भाचे येतायत म्हणून दोन गोष्टी. छताचा पंखा बंद, वाऱ्याने ओढून घेतो. आणि काहीही आदळलं की आधी थ्रॉटल शून्य. पाती अडकली असताना थ्रॉटल धरून ठेवलं तर मोटर जळू शकते. बघणारे दोन मीटर लांब, डोळ्यांच्या उंचीला कोणी नको. सुरुवातीला शेपूट आपल्याकडे, नाक पलीकडे ठेवा. नाक आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, तिथे सगळी मुलं गोंधळतात.

माडाखाली | ९:४०
पाव फेरी सोडली. झोके गेले. सहा मिनिटं उभं होतं, मग बॅटरी गेली. ट्रिमच्या चारच टिकटिक लागल्या. मोटर मागवत नाही. पायपुसणं परत दारात.

आजोळ_मालवण | ९:५२
म्हणजे तेल लागलंच नाही ना कसलं?

हापूस_कलम | १०:०३
फवारणीचा वेगळा धागा काढला आहे. घोंगावणारा, तिकडे या.