ठोंबरे आडनावाला शोभेल असं मुलीचं नाव

ठोंबरे आडनावाला शोभेल असं मुलीचं नाव सुचवा, या प्रश्नावर दोघातिघांनी सुचवलंय की आडनाव जड आहे तर नाव दोन अक्षरीच ठेवा, इरा नाहीतर ईशा, पण मला ते नाही पटलं. आम्ही पण ठोंबरेच, मिरजेचे. थोरलीच्या वेळी इरा जवळजवळ फायनल झालं होतं, सगळ्यांना आवडलेलं, आणि मग माझी आत्या म्हणाली अगं शाळेत हजेरी आडनावाने घेतात, आधी तशी हाक मारून बघ. मारली तर ठोंबरेरा असंच ऐकू यायला लागलं, कारण आडनाव ए ने संपतं आणि नाव स्वराने सुरू होतं, मग दोन्ही एकमेकांत मिसळतात. दहावीच्या मार्कलिस्टवर सुद्धा आतापर्यंत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं असं असायचं. त्यामुळे नाव दोन्ही बाजूंनी मोठ्याने म्हणून बघाच, व्यंजनाने सुरू होणारं घ्या, तीन अक्षरी चालतं की, आम्ही सायली ठेवलं आणि दोन्हीकडून छान वाटतं. आणि लग्नानंतर आडनाव बदलेलच हे तर धरूनच चालू नका, बदलायची सक्ती कुठल्याच कायद्यात नाही, तिला हेच आवडलं तर?

आणखी एक, बाराव्या दिवशी बारसं आहे म्हणून घाईने काहीतरी ठरवू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायचीच, पण ती नावाशिवाय होते आणि नाव १ वर्षापर्यंत विनाशुल्क घालता येतं. फक्त एकदा घातलं की बदलणं अवघड, म्हणून आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग आईवडिलांच्या आधारवर आहे तेच द्या, आमच्या घरात एकाच आडनावाची दोन स्पेलिंगं झालीत आणि पासपोर्टला फार त्रास झाला.